बिनआवाजाचं कार्ड

मैलापूरच्या देवळाच्या तळ्यामागे एक गल्ली आहे. तिथे कुणालाही विचारलं असतं की हे राव कुटुंब कसं आहे, तर उत्तर ठरलेलं: फार सज्जन, आणि इडल्या फार खातात. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी त्यांच्या घरातून दगडी ग्राइंडरची घरघर यायची. जुनं धूड ते, सुरू झालं की समोरच्या मामींच्या कपाटातली भांडी किणकिणायची. मामी कौतुकानं म्हणायच्या, बघा, अलकनंदाबाई या वयातही ताजं पीठ वाटतात.

खोटं कशाला बोलू, निम्म्या वेळी त्या ग्राइंडरमध्ये तांदळाचा दाणा नसायचा. दगडावर दगड नुसता फिरत असायचा. पलीकडे त्र्यंबक बायकोला मारत असायचा, आणि त्याची आई, म्हणजे याच अलकनंदाबाई, पहिला फटका ऐकला की उठून रस्त्याकडची खिडकी लावायच्या आणि ग्राइंडरचं बटण दाबायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तोंड दाबायचं काम तेवढं विजेवर चालायचं.

आता त्र्यंबक म्हणजे कुणी दारुडा, गुंड, असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. बँकेत अधिकारी, कपाळावर गोपीचंदनाची बारीक रेघ, आणि गळा असा की एकादशीला त्यानं अभंग धरला की म्हातारे डोळे पुसायचे. तंजावरच्या राजांबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे उतरलेली ही मराठी माणसं. चेन्नईत त्यांची घरं मोजकी, सगळी एकमेकांना ओळखणारी, आणि त्या सगळ्यांत त्र्यंबक म्हणजे हिरा. हा हिरा मारायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवायचा. पट्टा घामानं खराब होतो ना. विजयालक्ष्मीला, त्याच्या बायकोला, त्याच्या शिव्यांपेक्षा त्या ‘टक्’ आवाजाची भीती वाटायची. मग तो मुठीनं मारायचा, पाठीत, कुशीत, मांडीवर, साडी जिथवर झाकते तिथवर. कारण एकादशीला तिनं पहिल्या रांगेत टाळ धरून बसायचं असे. तेरा वर्षांत तिच्या दोन बरगड्या, एक करंगळी आणि डावा कान गेला. त्या कानात आता दिवसभर शिट्टी वाजत असे.

ती गप्प बसली असंही नाही. तीनदा सैदापेटला थोरल्या भावाकडे गेली. अनंतकृष्ण रेल्वेत हेडक्लार्क. माणूस सरळ, पण भित्रा भागूबाई. वडील जाताना सांगून गेले होते की वरची खोली विजीची, तिला कधी लागली तर. त्या खोलीची किल्ली अनंतकृष्णानं जानव्याला बांधली होती आणि तिथेच ती गंजत होती. तिन्ही वेळा त्यानं बहिणीला कॉफी पाजली आणि ऑटोत बसवून परत पाठवलं.

“भांड्याला भांडं लागायचंच, विजी,” तो म्हणायचा. “झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्र्यंबक असं करेल हे मला तरी खरं वाटत नाही. काही पुरावा तरी हवा ना.”

तिसऱ्या वेळी तिनं पाठ दाखवायला पदर सरकवला, तर हा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बहिणीची उघडी पाठ बघू नये म्हणे. रीतच आहे ती. अशी रीत कामाची फार असते.

मग २००७ चा जुलै आला. त्यांची मुलगी देविका तेव्हा अकरा वर्षांची. बापाच्या हातात कॉफी देताना त्या पोरीच्या हातून चार थेंब त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडले. त्यानं टंबलर खाली ठेवला आणि घड्याळ काढलं. टक्. विजयालक्ष्मीला वाटलं आपल्यासाठी आहे, म्हणून सवयीनं ती पुढे झाली. तो तिला ओलांडून गेला. पुन्हा उचललेला पितळी टंबलर पोरीच्या तोंडावर बसला, ओठ फाटला, आणि एक दात कॉफीबरोबर फरशीवर पडला. त्याही दिवशी खिडकी लागली. त्याही दिवशी ग्राइंडर फिरला.

दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना तो दात विजयालक्ष्मीला सोफ्याखाली सापडला. तिनं तो पदराच्या गाठीत बांधला आणि ठरवलं की आता वरची खोली घ्यायची. पोरीला घेऊन निघायचं. पण अनंतकृष्णाला ऐकून पटणार नव्हतं, त्याला दाखवायला हवं होतं. तो पाठ बघत नसेल तर त्याला दुसरं काहीतरी बघायला लावायचं.

हे दुसरं काहीतरी तिला स्वतःच्याच टंकलेखनात सापडलं. दर्शनी खोलीत १९९९ सालचा एक डेस्कटॉप होता, मूळचा पांढरा आणि आता चहाच्या रंगाचा. त्याच्यावर ती लग्नपत्रिका, प्रबंध, दुकानांची कोटेशनं टाइप करून द्यायची. त्या महिन्यात एका दुकानाचं कोटेशन होतं: चोरी पकडायला कॅमेरा, आणि तुमच्या असलेल्याच कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवलं की रेकॉर्डिंग सुरू. ती ओळ तिनं दोनदा टाइप केली. दुसऱ्यांदा उगाचच.

दुसऱ्याच दिवशी नवरा बँकेत आणि देविका शाळेत गेल्यावर तिनं तिरुमयिलै स्टेशनवरून गाडी पकडली आणि चिंताद्रिपेटला उतरून रिची स्ट्रीटला चालत गेली. सगळ्या चेन्नईचे कॉम्प्युटर जिथे जन्मतात आणि मरतात ती ही गल्ली. वायरींच्या वेटोळ्यांत आणि हातगाड्यांच्या गर्दीत साडी सावरत ती चार दुकानं फिरली. पाचव्या दुकानात सुंदर नावाचा एक जाडगेला तमिळ माणूस होता. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याआधी प्रश्न विचारणारा त्या गल्लीतला बहुधा तो एकटाच.

“बोर्ड कुठला आहे, अक्का?”

“हिरवा.”

“हिरवे सगळेच असतात,” सुंदर न हसता म्हणाला. “बरं, हे कार्ड घेऊन जा. पांढऱ्या खाचेत बसतं. नाही चाललं तर परत आणा.”

घरी येऊन तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडला. आठ वर्षांची धूळ बाहेर आली. कार्ड पांढऱ्या खाचेत बसलं, अगदी चपखल, आणि तिला आपल्या हाताचा अभिमान वाटला. प्रोग्रॅम चालू केला आणि पडदा गोठला. पुन्हा केला, पुन्हा गोठला. तिसऱ्यांदा ती खाली वाकून वायर तपासत होती आणि त्र्यंबक लवकर घरी आला.

“हे काय मांडलंयस?”

“मॉडेम बसवतेय. काम वाढलंय.”

“मला विचारलंस?”

टक्. ती डब्याशेजारी बसलेलीच होती, त्याला वाकायचेही कष्ट पडले नाहीत. त्यानं लाथ घातली ती तिच्या खांद्यावर, आणि दुसरी त्या उघड्या डब्यावर. डबा भिंतीवर आदळला. कार्ड खाचेतून उपटून तिच्या मांडीत येऊन पडलं. मग त्यानं तिचे केस धरून तिचं डोकं टेबलाच्या पायावर आपटलं, एकदा, दोनदा, मोजून मापून. आतून ग्राइंडर लागला. तिच्या मनात मार नव्हताच त्या वेळी. कार्डाची सोनेरी कड घासली तर नाही ना, एवढंच ती अंगठ्यानं चाचपत होती. माणूस कशाकशात जीव अडकवतो.

सुंदरनं ते कार्ड परत घेतलं. तिच्या केसांतली खोक त्याला दिसली. त्यानं नजर खाली घातली आणि विचारलं, “अक्का, तुमच्या बोर्डावर मधोमध एक मोठी चौकोनी चिप असेल. तिच्यावर काय लिहिलंय ते मला हवं. अगदी अक्षर न् अक्षर.”

नुसता नंबर उतरवून आणणं तिला कसंतरीच वाटलं. चुकला तर? मग तिनं आपली कोलमची वही काढली. रोज पहाटे दारापुढे काढायच्या रांगोळीचे नमुने ठिपक्यांवर उतरवून ठेवायची ती वही. सोळा बाय सोळा ठिपके मांडून तिनं अख्खा बोर्ड काढला. पांढऱ्या खाचा तीन, तपकिरी एक, काळी लांबोडी एक, कुठली कुठून किती ठिपक्यांवर, आणि मधल्या चिपवरचं प्रत्येक अक्षर, धूळ ओल्या बोटानं पुसून. त्र्यंबक आंघोळीला गेला की पाच मिनिटं, असे चार दिवस लागले.

सुंदरनं वही उघडली आणि खाचा एक-एक करून मोजल्या. “सतरा वर्षं धंद्यात आहे,” तो म्हणाला. “इंजिनीअर येतात इथे, त्यांना आपल्या बोर्डाला खाचा किती हे सांगता येत नाही.” मग त्यानं चिपवर बोट ठेवलं. “हे बघा, दुखणं इथे आहे. ही चिप दुसऱ्या घराण्यातली. हल्लीच्या कार्डांचं हिच्याशी पटत नाही. खाच सारखी म्हणून कार्ड बसतं, पण बसणं वेगळं आणि जमणं वेगळं.”

विजयालक्ष्मीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि डोक्यातली खोक ताणली गेली तसं थांबलं. पत्रिका जुळवतानाही ज्योतिषानं खाचच तेवढी बघितली होती, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण परक्या माणसाला काय सांगायचं.

सुंदर माळ्यावर चढला आणि एक धुरकटलेलं खोकं घेऊन उतरला. पाच वर्षांपूर्वीचं कार्ड, जुन्या विंडोजवर चालणारं, या चिपशी भांडत नाही असं त्यानं स्वतः तपासलेलं. “एकच अडचण आहे, अक्का. यात आवाज येत नाही. नुसतं चित्र. आवाजाचं हवं तर कॉम्प्युटरच बदलावा लागेल.”

“आवाज कशाला,” ती म्हणाली. “दिसलं की झालं.”

इथे बाई चुकली. तिला वाटलं, डोळ्यांनी बघितल्यावर कुणी कशाला काही विचारेल.

“आणि स्क्रू लावा,” सुंदरनं मागून हाक मारून सांगितलं. “जुनी खाच ढिली असते. पट्टीचा स्क्रू घट्ट आवळा. नाही तर धक्का बसला की संपलं.”

तिनं तो स्क्रू आवळला, बोटाला वळ उठेपर्यंत. कार्डाबरोबर आणलेला बोटभर लांबीचा कॅमेरा जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, जाळीच्या कापडामागे. त्यातून खोली दिसायची, टीव्ही दिसायचा, आणि स्वयंपाकघराच्या दारातून ग्राइंडरचा कोपरा. प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर तिची स्वतःची खोली आली, करडी, जरा धक्के खात चालणारी. तिनं हात हलवला, पडद्यातल्या बाईनं हात हलवला. ती मटकन खाली बसली आणि रडली, आनंदानं म्हणा.

तीन दिवस काही झालं नाही. रोज साडेपाचला ती रेकॉर्डिंग लावायची, पडदा बंद करायची आणि वाट बघायची. मार कधी पडतो याची वाट बघणारी बाई तुम्ही पाहिलीय का? तिला स्वतःची किळस आली. चौथ्या दिवशी गुरुवार. आमटीत मीठ जास्त पडलं होतं, की कमी, देव जाणे. टक्.

त्यानं पहिली मूठ पोटात मारली. ती वाकली तसा गुडघा तोंडावर आला. हे नवीन होतं, एरवी तो तोंड वाचवायचा. ती एक शब्द बोलली नाही. खिडकी लागली, ग्राइंडर लागला. त्यानं तिला दंडाला धरून उचलली आणि भिंतीवर फेकली, पुन्हा उचलली, पुन्हा फेकली. खाली पडल्या पडल्या तिला डब्यावरचा तो मिणमिणता लाल दिवा दिसत होता. लुकलुकतोय म्हणजे लिहितोय. तो तिच्या बरगड्यांत लाथा घालत होता आणि ती दिव्याकडे बघत होती. शेवटची लाथ चुकून डब्याला लागली. टेबल हललं, डबा कलंडला, आणि विजयालक्ष्मीच्या तोंडून त्या संध्याकाळची एकुलती एक किंकाळी निघाली. त्र्यंबकला वाटलं, लागलं वाटतं हिला. तो थांबला, घड्याळ घातलं आणि पाय धुवायला गेला.

दिवा लुकलुकतच होता. स्क्रूनं धरून ठेवलं होतं.

शनिवारी बँक अर्धा दिवस. सकाळी दहाला तिनं अनंतकृष्णाला बोलावून घेतलं, आणि त्याच्याबरोबर कृष्णकांत रावांना. भजनी मंडळाचे अध्यक्ष, पंचाहत्तरीचे. समाजात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. ते ‘हो’ म्हणाले की भावाला धीर येईल, हा तिचा हिशेब. दोघं खुर्च्यांवर बसले. अलकनंदाबाई दारात विळीवर बीन्स चिरत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी उठवलंही नाही.

तिनं पडदा चालू केला. सात मिनिटं. घड्याळ टीव्हीवर ठेवलं जाताना दिसलं. मूठ दिसली, गुडघा दिसला, भिंत दिसली. मागे दारातून एक म्हातारी आली, खिडकीकडे गेली, परत गेली. तिचा हात ग्राइंडरच्या बटणावर गेला. विळीवरचा हात थांबला होता.

चित्र संपलं. अनंतकृष्णाचा हात जानव्यावरच्या किल्लीकडे गेला होता. तो काही बोलणार होता. पण आधी कृष्णकांत रावांनी घसा साफ केला.

“आवाज नाही यात.”

“नाही,” विजयालक्ष्मी म्हणाली.

“मग तू त्याला काय बोललीस ते कसं कळायचं? पुरुष माणूस उगाच हात उचलत नाही. तोंड चालवलं असशील. रागाच्या भरात होतं एखाद्या वेळेस.”

“रागाच्या भरात माणूस घड्याळ काढून ठेवत नाही, मामा.”

“हेच,” कृष्णकांत राव अनंतकृष्णाकडे वळून म्हणाले. “हेच तोंड. अरे, नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर तक्रार कुणाकडे करायची? जुने लोक काय वेडे होते?”

अनंतकृष्णानं जानव्यावर ठेवलेला हात खाली घेतला. विजयालक्ष्मीनं ते बघितलं. तेरा वर्षं, दोन कार्डं, कोलमची वही, तो स्क्रू, सगळं त्या एका हाताबरोबर खाली आलं.  पदराच्या गाठीतला दात तिनं मुठीत घट्ट धरला.

“आवाज असता तरी काय ऐकू आलं असतं?”

अलकनंदाबाई बोलत होत्या. विळी आडवी करून त्या उठल्या होत्या. तंजावरचं जुनं वळण त्यांच्या बोलण्यात अजून होतं, सावकाश, ओढून.

“ग्राइंडर मी लावत होतें. तिथे दिसतें ती मीच. ही एक शब्द बोलिली नाही, कृष्णकांत. या दिवशी नाही, कधीच नाही. तुज आवाज हवा ना? घे. मी सांगतें.”

“वैनी, आपलेच दात आपलेच ओठ,” कृष्णकांत राव दबकून म्हणाले. “मुलगा आहे तुमचा.”

“याचा बाप मज मारी, तेव्हा माझी सासू उखळात कांडण घाली,” म्हातारी म्हणाली. “चाळीस वर्षं मी ते उखळ ऐकिलें. मग ग्राइंडर घेतला.”

 बाहेर फाटक वाजलं. त्र्यंबक आज वेळेआधीच आला, चपला काढल्या, खुर्चीतल्या माणसांना बघून तोंडभर हसला. मग त्याला पडदा दिसला. चित्र शेवटावर थांबलेलं होतं, त्याची लाथ हवेत. एका क्षणात त्याचा चेहरा उतरला आणि दुसऱ्या क्षणात तो बायकोवर धावला. या वेळी घड्याळ मनगटावरच राहिलं. तिच्या कानशिलावर बसलेल्या फटक्यानं ती टेबलावर कोसळली. मग त्यानं दोन्ही हातांनी डबा उचलून फरशीवर आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. पडदा काळा झाला. हिरव्या बोर्डाचे तुकडे विजयालक्ष्मीच्या पायांशी आले. कार्ड पट्टीला स्क्रूनं तसंच घट्ट बसलेलं होतं, बोर्डाच्या एका तुकड्यासकट.

“काय आहे आता?” तो धापा टाकत अनंतकृष्णाला विचारू लागला. “काय बघितलंत? दाखवा मला.”

अलकनंदाबाई खिडकीकडे निघाल्या. विजयालक्ष्मीनं ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. आता कडी लागेल, मग बटण.

कडी वाजली. पण उजेड आला. म्हातारीनं खिडकीची दोन्ही दारं भिंतीला लागेपर्यंत उघडली होती. बाहेर समोरच्या मामी जिन्यावर कपडे वाळत घालत होत्या.

“मामी,” अलकनंदाबाईंनी तमिळमध्ये हाक मारली, अभंगाची पहिली ओळ उचलावी तशा खणखणीत आवाजात. “जरा इकडे या, आणि तुमच्या घरच्यांनाही आणा. माझा मुलगा बायकोला मारतो. तेरा वर्षं मारतो. मी रिकामा ग्राइंडर लावते, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. आता ऐका.”

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या, मग तिसरी. त्र्यंबकचा हात वर होता तो तसाच राहिला. आईकडे जावं की खिडकीकडे, हे त्याला कळेना.

अनंतकृष्ण उठला. सदऱ्यात हात घालून जानव्याची गाठ सोडू लागला, पण किल्ली गंजून दोऱ्याला चिकटली होती. शेवटी त्यानं जानवंच तोडलं आणि दोऱ्यासकट किल्ली बहिणीच्या हातात दिली.

“देविकाची शाळा बाराला सुटते,” तो म्हणाला. “तिला तिथूनच घेऊन जाऊ.”